उघडा पत्रा

रिमूव्हर लावला की पहिल्यांदा काहीच होत नाही.
मग रंगाला सुरकुती पडते,
सायीला फुंकर मारल्यावर पडते तशी,
आणि मी पत्री उचलते तोच
दस्तगीरचाचा आतून ओरडतात,
"नागमणी, थांब गं, अजून शिजू दे!"
शिजू दे म्हणतात. रंगाला.

अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये
मे महिना तसाही सगळं शिजवतोच.
दोशी सराफांची फियाट, चौपन्न सालची,
विटांवर उभी. चाकं नाहीत,
दारं भिंतीला टेकवलेली.
दोशींना मूळचाच रंग पाहिजे.
मूळचा कुठला, म्हटलं,
तर म्हणाले, गाडीलाच विचारा.

अकरा वर्षं मी विड्या वळल्या.
रोजच्या आठशे, सणाच्या तोंडावर हजार.
म्हणून पत्री हातात लगेच बसली.
रंगाची साल सुटते ती वळत सुटते,
भिजवलेल्या तेंदूच्या पानासारखी.
बोटं आपसूक तिची टोकं मुडपायला जातात,
दोरा शोधतात.
आत भरायला काही नसतं.

वरचा पांढरा, लग्नाच्या भाड्याचा.
खाली काळा.
त्याखाली लाल,
आणि हा लाल माझ्या ओळखीचा.
बापू रंगखान्यात होते.
टॉवेलच्या सुताला ज्या दिवशी जो रंग,
तोच त्या दिवशी नाल्याला,
तोच त्यांच्या टाचांना.
या लालाला ते 'गुरुवार' म्हणायचे.
का, ते विचारायचं राहिलं.

लालाखाली, डाव्या मडगार्डवर,
बोटभर जाड लांबी.
चाचांनी नखानं टकटक केली.
"कुणीतरी ठोकलेली दिसते."
दोशींना सांगायचं का?
"नको. त्यांना मूळचा खड्डा पण पाहिजे होईल."

शेवटी दाराच्या बिजागरीपाशी
नखाएवढा सापडला मूळचा.
हिरवट राखाडी, कच्च्या मुगाच्या पाण्यासारखा.
चाचांनी चष्मा पुसून पाहिला,
फोटो काढला, दोशींना पाठवला,
आणि म्हणाले, "हं. आता घास."

ऐंशीचा कागद, मग एकशे वीसचा.
सहा वाजता नुसता पत्रा उरला.
त्याला कुठलाच रंग नव्हता,
समोर जे येईल ते तो थोडंसं दाखवत होता:
पंखा, माझा परकरी निळा, चाचांची दाढी.
उघडा पत्रा रात्रभर ठेवत नाहीत.
पण रेड ऑक्साइडचा डबा उघडला तर दगड झालेला,
आणि दुकानाचं शटर खाली.
उठताना मी दाराला हात टेकला.
दमले होते. एवढंच.

सकाळी दारावर पंजा.
तांबूस, फिका,
तळवा, चार बोटं,
आणि अंगठा, रेषांसकट.

रेषांसकट.

मागच्या मंगळवारी रेशनच्या यंत्रावर
सहा वेळा दाबला होता हाच अंगठा.
पदराला पुसून, फुंकून,
मागच्या बाईनं सांगितलं म्हणून केसांवर घासून.
दुकानदार म्हणाला,
"तुमच्या अंगठ्यावर काही उरलंच नाही, बाई.
घरातलं दुसरं कुणी आणा."
घरात दुसरं कुणी म्हणजे अम्मा.
तिनं तर चाळीस वर्षं वळल्या.

आणि इथं एका रात्रीत,
नुसत्या घामानं,
कुणी न मागता.

चाचा बराच वेळ बघत उभे राहिले.
मग म्हणाले, "काढून टाक.
खाली राहिला तर रंगातून वर येतो.
वर्षानं येईल, दोन वर्षांनी येईल,
पण येतो."

मी तळवा घासला.
करंगळी घासली, मग बाकीची तीन.
अंगठ्यापाशी कागद संपला.
नवा कागद कपाटात होता.
चाचा चहा सांगायला गेले होते.

रेड ऑक्साइड ओला असतो तेव्हा
हुबेहूब गंजासारखा दिसतो.